चिडचिड, कारणासकट

८ जानेवारी

"गोळी घेतलीस का?"

आज परत तेच! ओढ्यावर एकटीनं धुणं घेऊन जाणं मला नको वाटतं, एवढंच मी म्हणाले होते. त्यावर गोरखचं हे उत्तर. गोळीच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद त्यानं एकदा वाचला, त्यात 'काही रुग्णांमध्ये चिडचिड' एवढं सापडलं, आणि तेव्हापासून माझं बोलणं माझं राहिलंच नाही. भाजी खारट झालीय म्हटलं — गोळी. तुमच्या बहिणीनं माझा चार्जर नेलाय म्हटलं — गोळी. उद्या घराला आग लागली म्हणून ओरडले तरी नवरा आधी घड्याळ बघेल.

घेतली होती गोळी. सकाळी आठला, गजर लावून, पाण्याबरोबर. तीन वर्षांत एक चुकवली नाही, म्हणून तीन वर्षांत एकही फिट नाही.

पुण्याच्या डॉक्टर मॅडमनी ही वही ठेवायला सांगितली. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी माझी जुनी गोळी हळूहळू बंद करून ही नवीन लावली, कारण जुनी पोटातल्या बाळाला घातक. म्हणाल्या, "तारीख घालून लिहायचं. गोळी किती वाजता, झोप किती, सकाळी हात उडतो का, आणि चिडचिड. चिडचिड मात्र कारणासकट लिही. खरी कुठली आणि उगाचची कुठली, ते मला कळू दे."

तर आजची, कारणासकट. पाण्यापाशी एकटं जायचं नाही, हे मॅडमचं पहिलं वाक्य असतं. विहीर, नदी, ओढा. फिट आली तर गुडघाभर पाणीसुद्धा पुरतं. आणि आमच्या वाडीत नळाला दिवसाआड पाणी, त्यामुळे आत्या धुण्याची बादली रोज माझ्याच हातात देतात. (इथं सासूबाईंना आत्या म्हणायचं आणि सासऱ्यांना मामा. भोरला आमच्याकडे असं नव्हतं, जिभेला अजून वळण पडत नाही.) घरात वैष्णवी आहे. माझी नणंद, एकवीस वर्षांची, धडधाकट. तिला नाही. "ती नगं, तू जा."

का नगं? हात काय मेंदीचे आहेत तिचे?

पण मी का जाऊ नये हे मला सांगता येत नाही. आत्यांना माहीतच नाही, मला फिट येत होत्या ते.

१० जानेवारी

गोळी सकाळी आठ, रात्री आठ. झोप साडेपाच तास. वैष्णवी उन्हं अंगावर येईपर्यंत झोपली होती. "निजू दे तिला, उठवू नगंस." मला मात्र कोंबड्याच्या आधी उठवतात. चिडचिड झाली. कारण वर लिहिलंय.

१२ जानेवारी

आज रविवार, मी काम करते त्या सेतू केंद्राला सुट्टी, म्हणून नीट लिहिते.

गोरखला मी लग्नाआधी सगळं सांगितलं होतं. माझ्या पप्पांचा विरोध होता — "जमल्यावर बघू गं." मी ऐकलं नाही. नसरापूरला स्टँडसमोरच्या हॉटेलात बसलो, वडापाव आला, आणि मी म्हणाले की मला नववीपासून फिट येतात, गोळी कायमची आहे, पटत असेल तर बघा. मला वाटलं होतं आता हा बिल देऊन उठेल. दहा मिनिटं गेली नसतील. म्हणाला, "मला चालतंय. फक्त आमच्या घरी सांगू नको. मी बघतो." किती मोठ्या मनाचा माणूस, असं वाटलं होतं मला. एसटीत भोरपर्यंत रडत आले होते.

'मी बघतो' म्हणजे काय, ते लग्नानंतर कळलं. काहीही न बघणे.

म्हणून मग ती बाटली. आईच्या कॅल्शियमची रिकामी प्लॅस्टिकची बाटली होती. महिन्याच्या साठ गोळ्या पाकिटातून काढून मी तिच्यात भरते आणि रिकामी पाकिटं वेल्ह्याला सेतू केंद्राच्या कचऱ्याच्या डब्यात टाकते. पांढरी लांबट गोळी, कुणाला काय कळतंय. आत्यांनी एकदा विचारलं होतं, "कशाची गं?" मी सांगितलं, "कॅल्शियमची. हाडांसाठी." "हाडं? या वयात?" म्हणाल्या आणि हसल्या. मॅडमना सांगितलं तर त्या संतापल्या. गोळी पाकिटातच ठेवायची, नाव दिसलं पाहिजे, तारीख दिसली पाहिजे, घरातल्या निदान दोघांना माहीत पाहिजे.

घरातल्या निदान दोघांना! मॅडमना आमचं घर माहीत नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. माझी पहिली. काळी साडी, हलव्याचे दागिने, वाडीतल्या पंचवीस बायका. हळदीकुंकू लावता लावता एकेकीची नजर माझ्या पोटावर. "मग, कधी?" "अजून काय न्हाई का?" एकीनं तर तिळगूळ घ्यायच्या आधी विचारलं. मी हसले. हसून हसून गाल दुखले.

बाळ हवंय मला. मॅडम म्हणाल्या आहेत, होईल, नीट होईल, फक्त आधी तीन महिने फॉलिक अ‍ॅसिड, आणि दिवस गेले म्हणून घाबरून गोळी बंद करायची नाही. बहुतेक बायका तिथंच चुकतात, म्हणाल्या. बाळाला जपायचं म्हणून गोळी टाकतात आणि मग पडतात.

वैष्णवी दिवसभर खोलीत बसून होती. डोकं दुखतंय म्हणे. बायकांना पानसुपारी मीच दिली, ताटं मीच उचलली.

१९ जानेवारी

गोळ्या कमी आहेत.

तीनदा मोजल्या, पलंगावर चादर पसरून. तेवीस हव्यात, अठरा आहेत. पाच नाहीत. मी चुकून जास्त घेतल्या असतील? नाही. वहीत रोजच्या वेळा आहेत. सांडल्या? पलंगाखाली बघितलं, कपाटामागे बघितलं. एक पिन आणि बोटभर धूळ.

कुणीतरी घेतंय.

२० जानेवारी

गोरख शिरवळच्या कंपनीतून आला, चहा प्यायला, तेव्हा सांगितलं. आधी कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आईचे गुडघे दुखतात गं. कॅल्शियम म्हणून घेतली असंल."

मी म्हटलं, अहो, ती फिटची गोळी आहे! साठीच्या बाईनं घेतली तर चक्कर येईल, तोल जाईल, पडल्या तर खुब्याचं हाड मोडेल. आजच्या आज सांगा त्यांना.

"एक-दोन गोळ्यांनी काय होतंय."

"पाच."

"बरं पाच. मी बोलतो हळूच." आणि मग, बूट काढता काढता, "तुझी घेतलीस ना आजची?"

दात ओठ खाल्ले मी. कारणासकट.

२२ जानेवारी

बोलला नाही. रोज एक जातेच आहे. सकाळी मोजते, संध्याकाळी मोजते. बाटली लपवावी तर आत्या विचारतील, तुझी कॅल्शियमची बाटली कुठं गेली म्हणून. आणि मग मी काय सांगू?

कामावरून सुटल्यावर तशीच जीपनं नसरापूरला गेले, जास्तीच्या आणायला. दुकानदार कागद बघून म्हणाला, "ताई, एक तारखेला महिन्याच्या नेल्या की. एवढ्यात?" चार गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हटलं, सांडल्या. "फिटच्या ना ह्या?" — हे मोठ्यानं! वर म्हणतो, त्या कंपनीच्या संपल्यात, आठ दिवसांनी येतील, ह्या दुसऱ्या कंपनीच्या न्या, सेमच असतं. सेम असतं तर डॉक्टर कंपनीचं नाव कशाला लिहितात? मॅडमनी बजावलंय, विचारल्याशिवाय कंपनी बदलायची नाही. मॅडमना फोन लावला, लागला नाही. तशीच परत आले.

या माणसाला काय कळणार, ते एक खोकं उचलून दुसरं ठेवणं म्हणजे माझ्यासाठी काय असतं.

२४ जानेवारी

कालपासून अर्धी-अर्धी घेतेय. पुरवायच्या म्हणून. मला माहीत आहे, करू नये. माहीत असून केलं. इथं लिहून ठेवते, मॅडम ओरडल्या तर ओरडू देत.

२५ जानेवारी

हात उडाला.

सकाळी सेतू केंद्रात. आमचे मालक माऊली चहा घेऊन आले होते, मी कप हातात घेतला आणि उजवा हात आपोआप झटकला गेला. कप भिंतीवर. कुणाच्या तरी उत्पन्नाच्या दाखल्याचे कागद भिजले. माऊली म्हणाले, "काय ओ, भाजलं का?" मी म्हटलं, हो, भाजलं. मग बाथरूममध्ये जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. नववीत पहिली फिट आली त्याच्या आधी आठवडाभर असेच हात उडत होते. वेणी घालताना कंगवा उडायचा, आणि आई म्हणायची धसमुसळी आहे कार्टी.

तीन वर्षं! तीन वर्षं मी सांभाळलं, आणि कुणाच्या तरी गुडघ्यांपायी ते जाणार.

संध्याकाळी गोरखला सांगितलं. चेहरा पांढरा पडला त्याचा. उलट पावली गाडीवर बसून गेला, शिरवळच्या कुठल्याशा दुकानातून पाच पाकिटं घेऊन आला. कंपनी दुसरीच. पण आणली. आज "गोळी घेतलीस का" म्हणाला नाही, गोळी आणि पाणी दोन्ही हातात दिलं.

२७ जानेवारी

मॅडमचा फोन लागला. आधी भरपूर ओरडल्या. अर्धी का केलीस, मला मेसेज का नाही केलास, आता जी कंपनी सुरू केली आहेस तीच ठेव, परत अदलाबदल नको, चार दिवस नीट झोप. सगळं ऐकून घेतलं.

मग आत्यांचं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "आधी विचार. कोण घेतंय, किती, कशासाठी. उघड विचार. तुझ्या मनानं परस्पर काही करू नकोस."

उघड विचारायला माझी काही हरकत नाही हो. पण मग मला विचारतील ना, तुझ्याकडं ही गोळी कशाला?

२९ जानेवारी

नवीनच. आज आत्यांनी माझ्या हातातली बादली काढून घेतली. "ऱ्हाऊ दे, म्या जाते वड्यावर." गुडघे दुखतात ना यांचे? मी म्हटलं मी जाते. "नगं म्हनलं ना." वर शेजारच्या चिमाजीच्या बायकोला सांगताना ऐकलं, "तिला न्हाई जमत त्ये."

न जमायला काय झालं? गेले आठ महिने कोण धुतंय कपडे?

३ फेब्रुवारी

सकाळी उठवलं नाही मला. जाग आली तर सात वाजलेले. धावत स्वयंपाकघरात गेले, भाकरी झालेल्या. "निजायचं की अजून." हे टोमणे मला कळतात. माहेरी असं कुणी हसत हसत बोलत नाही, रागवायचं तर सरळ रागावतात.

झोप साडेआठ तास. मॅडम खूश होतील.

९ फेब्रुवारी

वैष्णवीला बघायला विंझरकडचे पाहुणे आले होते. मुलगा पुण्यात नोकरीला, आई-वडील, एक मामा. पोहे मी केले, पोह्यांचा ट्रे तिच्या हातात. ट्रे उचलताना आत्यांची नजर तिच्या हातांवर अशी खिळलेली, जणू हिरे नेतेय पोरगी.

मुलाच्या मामानं विचारलं, "मुलीला काही आजार-बिजार?"

"न्हाई वो. काय सुदिक न्हाई," आत्या म्हणाल्या. आमच्या मामांनीही, म्हणजे सासऱ्यांनीही, मान हलवली.

माझ्या बघण्यात हाच प्रश्न आला होता, आणि माझ्या पप्पांनी हेच उत्तर दिलं होतं, तेव्हा मी जमिनीकडे बघत होते. आज वैष्णवी जमिनीकडे बघत होती. सगळ्याच मुली बघतात म्हणा. पण प्रश्नाचा राग आला मला. गाय घ्यायला आल्यासारखे विचारतात. मुलाला कुणी विचारलं का, तुला काही आजार-बिजार?

पसंत आहे म्हणून गेले. होळीनंतर सुपारी फोडायची.

१६ फेब्रुवारी

जेवण झाल्यावर आत्या ओटीवर बसल्या बसल्या पेंगत होत्या. मान खाली पडत होती. मला धस्स झालं. गोळीनंच. ही गोळी सुरू झाली तेव्हा मलाही अशीच झोप यायची. त्या उठल्या तर मी हाताला धरायला गेले. "सोड गं, म्हातारी झाले का म्या?"

रोज एक जातेय. बरोबर एक. आत्या वक्तशीर आहेत हे मान्य करायलाच हवं.

मला आता रागाबरोबर भीतीही वाटते. त्या बाई पडल्या तर माझ्यामुळे पडतील. कॅल्शियम म्हणून सांगितलं कुणी? मी.

२३ फेब्रुवारी

गोरखशी कडाक्याचं भांडण. मी म्हणाले, आज मी आत्यांना सांगणार. माझा आजार, माझी गोळी, सगळं. मला आता हे लपवणं पुरे झालं. मी काय चोरी केली आहे? डोक्यात जरा वीज जास्त होते, त्याला गोळी लागते. मामांच्या साखरेला लागते तशी. त्यांची गोळी फ्रीजवर उघडी असते, माझी मात्र खोट्या बाटलीत!

तो दार लावून आला. "वैशूचं जमंपर्यंत थांब. पाया पडतो तुझ्या. सून फिटची आहे म्हटलं की पाहुणे म्हणतील, यांच्या घरातच आहे."

"सुनेचा आजार नणंदेला कसा येईल? रक्त एक आहे का आमचं?"

त्यानं खिडकीही लावून घेतली.

"आणि तोवर आत्या पडल्या तर?"

"न्हाई पडत."

"तुम्हाला काय माहीत?"

"न्हाई पडत म्हनलं ना!" आवाज चढला त्याचा. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. मग, सवयीनं, "तू गोळी —" इतकंच म्हणाला आणि थांबला. बरं झालं थांबला. हातात तांब्या होता माझ्या.

१ मार्च

करून टाकलं!

परस्पर करू नकोस म्हणाल्या होत्या मॅडम, पण मॅडमना इथं राहायचं नाहीये. नसरापूरहून खऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या. पांढऱ्याच, लांबटच. माझ्या गोळीपेक्षा अंमळ जाड, पण पंचावन्न-साठीच्या डोळ्यांना कुठं कळतंय. बाटली रिकामी केली, त्यात त्या भरल्या आणि होती तिथंच ठेवून दिली. माझ्या गोळ्या आता पाकिटात, पाकीट पर्समध्ये, पर्स खांद्याला. नाव दिसतंय, तारीख दिसते.

आत्यांना कॅल्शियम हवं होतं, कॅल्शियम मिळेल. गुडघ्यांना थोडा आराम पडला तर पडला. कुणाचं गुपित फुटलं नाही, कुणी पडणार नाही, कुणाला काही सांगावं लागलं नाही. हे मला महिन्याआधी का सुचलं नाही?

गोरखला सांगितलेलं नाही. सांगायचं नाही, हे त्यानंच शिकवलंय मला.

४ मार्च

बाटलीतली रोज एक कमी होतेय. मोजते आणि हसू येतं. घ्या आत्या, घ्या, हाडं मजबूत होतील.

गोळी आठ आणि आठ. झोप सात तास. चिडचिड नाही. महिन्याभरातला असा पहिलाच दिवस.

७ मार्च

वैष्णवी सकाळपासून चिडलेली. तिचा आरसा फुटला. हातातून उडाला म्हणे आणि दगडावर पडला. सुपारीच्या आधी आरसा फुटला म्हणून आत्यांनी देवापुढे नारळ ठेवला. मी काचा गोळा केल्या. आरशासाठी एवढं तोंड पाडून बसायचं? लाडानं बिघडलेली मुलगी!

८ मार्च

महिला दिन. तहसीलजवळ कार्यक्रम, सेतू केंद्रातून मला पाठवलं. पाहुण्या म्हणाल्या, बायकांनी दुखणं अंगावर काढू नये, मोकळेपणानं बोलावं. टाळ्या. मीही वाजवल्या. मग समोसा, चहा, गुलाबाचं फूल. परत येताना जीपमध्ये शेजारच्या बाई म्हणाल्या, "माझी जाऊ दोन वर्षं कसलीशी गोळी खातेय, नवऱ्याला माहीत न्हाई." मी विचारलं, कसली? "कोन विचारतंय."

९ मार्च, दुपार

नसरापूरच्या दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय.

अकरा वाजता. वैष्णवी ओटीच्या कडेला बसून तांदूळ निवडत होती. मी आत. आधी सूप पडल्याचा आवाज आला, मग तो आवाज. घशातून येतो तसा. मला माझा कधी ऐकू आलेला नाही, पण आईनं एकदा मोबाईलवर काढून मॅडमना दाखवला होता, तेव्हा ऐकलाय. बाहेर आले तर ती ओटीवरून खाली अंगणात, डोळे वर, हातपाय झटके देताहेत, कपाळातून रक्त. चिमाजी धावत आला, हातात चप्पल. मी चप्पल लांब फेकली. आत्या तोंडात चमचा घालायला बघत होत्या, त्यांचा हात धरला. कुशीवर वळवलं तिला, माझी ओढणी डोक्याखाली, मोबाईलवर वेळ लावली. चार मिनिटं, वीस सेकंद. माझ्या बाबतीत लोकांनी काय करावं, ते मला तोंडपाठ आहे. दुसऱ्या कुणासाठी करेन असं वाटलं नव्हतं.

जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर. सारखा एकच विचार. वैशूला? हिला कशी आली फिट?

९ मार्च, संध्याकाळ

वैशू शुद्धीवर आहे. कपाळाला पाच टाके. 'वहिनी' म्हणून हाक मारली दोनदा.

डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी आली होती का, गोळी चालू आहे का. मामा नाही म्हणाले. गोरख फरशीकडे बघत होता. मग आत्याच बोलल्या. "धावीपासनं येत्यात. ह्यान्ला बी ठावं न्हाई. म्हनून तर तिला वड्यावर, हिरीवर कुटं धाडत न्हवते. आधीचा कागद जुना झाला, दुकानदार गोळी दीना. डाक्टरकडं न्यावी तर सोयरीक मोडंल. सुनंला बी हीच गोळी हाय, गोरखनं सांगितलं मला संक्रांतीला. तवापासनं सुनंच्या बाटलीतली रोज एक देती तिला. एक दीस चुकवली न्हाई, डाक्टर. आज सकाळी बी दिली."

डॉक्टर म्हणाले, रोज देताय तर मग एवढी मोठी फिट कशी आली?

आत्यांना माहीत नव्हतं. गोरखला माहीत नव्हतं. मी बाकावरून उठले, पुढं झाले, आणि सांगितलं.